लढाईआधीचं पत्र

९ मे, कोलोन
फ्राऊ प्रोफेसर, म्हणजे आमच्या पीएचडीच्या गाईड, आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, शलाकाला घबाड मिळालंय. क्रांतीच्या काळातल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याचं पत्र. राजाच्या बाजूचे बंडखोर चालून येणार हे प्रजासत्ताकवाल्यांना सहा महिने आधीच ठाऊक होतं, असा तिचा दावा. त्याच लढाईवर मी साडेचार वर्षं घासतेय. ही नाशिकची पोरगी येऊन दीड वर्ष झालं. मागून आली आणि तिखट झाली. जळफळाट होतोय माझा, लिहूनच टाकते.

१२ मे
मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवताना शलाका : "मेधाताई, माझ्या तारखा जरा बघून देशील? तुला त्या क्रांतिवाल्यांचं कॅलेंडर पाठ आहे."
गोड बोलते कार्टी. धड रागही येत नाही.

१४ मे
पाहिलं. क्रांतिवाल्यांचं वर्ष सप्टेंबरात बदलतं. हिने ते जानेवारीत बदललं. म्हणजे तिचं जानेवारीतलं पत्र एक वर्ष मागे गेलं. लढाई उन्हाळ्यातली. पत्र आधीचं नाहीच, नंतरचं! दावा साफ आडवा. पाडव्याला शक बदलणाऱ्या घरातली मुलगी आणि ही चूक?
आधी हसू आलं. मग फार बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली, पण थोडीच.

१५ मे
विभागात पुढच्या तीन वर्षांसाठी पगारी जागा एकच. ती किंवा मी.
तिला मेसेज केला : सगळं ठीक आहे. तिच्याकडून बदाम आला.

१८ मे
आईला फोनवर सांगून बसले. "मग, सांगितलंस ना तिला?" म्हटलं, आल्झो, म्हणजे, नेट खराब आहे, नंतर बोलू.

२१ मे, सेमिनार, मागची रांग
शलाकाच्या पहिल्याच स्लाइडवर : 'तारखांची तपासणी – मेधाताई.' जर्मन लोकांसमोर, ताईसकट. फ्राऊ प्रोफेसर वळून माझ्याकडे बघून हसल्या. मी वहीत डोकं खुपसलं.
बोलली छानच. टाळ्या म्हणून सगळ्यांनी बाकं वाजवली. मीही वाजवलं.
आता प्रश्न. येना विद्यापीठातून आलेल्या म्हाताऱ्या परीक्षकांनी बोट वर केलं. पत्राचं साल कसं काढलं, एवढंच विचारलं.
शलाका म्हणाली, "ते मेधाताई सांगेल."
सगळे वळलेत. टिपणं काढतेय असं वाटावं म्हणून पेन चालू ठेवलंय