चिंच भरत चालली

११ नोव्हेंबर
आज तांड्यावर पोचले आणि आल्या आल्या जीव रमला. पुसदहून महागावकडे येताना दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बायका गाडीकडे बघून हात हलवत होत्या. रस्ता रुंद होणार, म्हणून कडेची जुनी झाडं आतून शाबूत आहेत की पोकळ, ते मी तपासायचं. राहायची सोय हिरासिंगकाकांकडे. त्यांच्या बायकोला, बिजलीबाईंना, अख्खा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. संध्याकाळपर्यंत मीही याडीच म्हणायला लागले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. दोनदा वाढून घेतलं.

१२ नोव्हेंबर
तांड्यासमोरच्या चिंचेपासून सुरुवात केली. काका दिवसभर तिच्या बुंध्याला पाठ टेकून बसतात, शेळ्याही तिथंच बांधलेल्या. खोडाभोवती सेन्सर बसवले. एका बाजूनं ध्वनिलहरी सोडायच्या. चांगल्या लाकडातून त्या झटकन पार होतात, कुजलेल्यातून रेंगाळतात. मग पडद्यावर खोडाचा आडवा काप उमटतो. शाबूत भाग तपकिरी, पोकळी निळी. चिंच जवळजवळ सगळीच निळी निघाली, नुसत्या सालीवर उभी. पाडावी लागेल म्हटल्यावर काका हसले. "बेटा, माह्या आज्याच्या वक्तापासून पोकळच हाय ते. पडलं काय?" त्यांचं मन राखायला उद्या पुन्हा तपासते म्हणाले.

१३ नोव्हेंबर
निळा भाग कमी दिसतोय. यंत्रच बिघडलं असेल म्हणून शेजारच्या कडुनिंबावर लावून पाहिलं. तिथं सगळं बरोबर. दिवसभर चिंचेखालीच बसून पुन्हा पुन्हा मोजलं. दर वेळी निळा थोडा आत सरकलेला.

१५ नोव्हेंबर
सकाळी एक शेळी मेली. आजारी नव्हती. काकांच्या धाकट्या भावानं, अमरसिंगनं, ती एका हातानं उचलली, टोपली उचलावी तशी. पोट फाडलं तर आत काही नाही. रक्त नाही, आतडी नाहीत. वाळलेल्या भोपळ्यासारखी स्वच्छ. साप-विंचवाचं काही असेल, असं कुणीतरी म्हणालं. कुणालाच पटलं नाही.
झाड आपली जखम झाकतं. गेलेलं लाकूड पुन्हा भरून काढत नाही. कधीच नाही. चिंच भरत चालली आहे.

१६ नोव्हेंबर
काकांचा आवाज बदललाय. रिकाम्या माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. विचारलं तर म्हणाले, "मले काय झालं? उलट अंग हलकं वाटून राह्यलं." चुलीपाशी याडी हळूच म्हणाली की ते बाजेवर बसले तर बाज करकरत नाही. मग माझा हात धरला. "तुह्या मशीननं पाह्य ना त्यायले एकदा."
हे यंत्र माणसासाठी नाही, असं सांगितलं. तिनं हात सोडला नाही.

१७ नोव्हेंबर
पाहिलं. छातीभोवती सेन्सर लावले.
निळं. सगळं निळं. कडेला कातडीएवढी तपकिरी रेघ.
काकांनी विचारलं, चांगलं हाय ना? मी हो म्हणाले. याडीकडे बघवेना.

१८ नोव्हेंबर
अमरसिंग त्यांना जीपनं पुसदच्या दवाखान्यात न्यायला निघाला. तांडा मागे पडला तसा काकांचा श्वास तुटत गेला. परत आणलं. चिंचेला टेकवल्यावर श्वास आला.
अमरसिंगनं त्यांना घरात नेऊन निजवलं आणि कुऱ्हाड आणली. पहिला घाव बसला आणि घरातून काकांची किंकाळी आली. धावत गेलो. कुशीवर जखम नाही, पण ते कूस दाबून तळमळत होते. इकडे खोडातून लाल, कोमट —
याडीनं झाडाला मिठी मारली. "मारू नको रे! थे अंदर हायेत!"
अमरसिंग कुऱ्हाड टाकून तिथंच रडत बसला. तोडलं तर काका जातील. नाही तोडलं तर — कुणाची पाळी?

१९ नोव्हेंबर
शेळ्या सोडल्या, माणसांना लांब ठेवलं. मी एकटीनं कान लावला. आत ठोके. एक संथ, म्हाताऱ्या माणसाचा. एक बारीक, शेळीचा. आणखी एक. घाईचा. घाबरलेला. माझी धडधड वाढली तसा तोही —
निघते. आत्ताच.

त्याच दिवशी
महागावच्या अलीकडेच श्वास तुटला. गाडी वळवली.
आईला फोन केला. कोण बोलतंय, विचारलं तिनं. मी साधना म्हणाले. पुन्हा विचारलं, कोण? मग तिनं फोन ठेवला.

२० नोव्हेंबर
भूक आहे. जेवले तरी —
याडीनं सेन्सर लावून दिले. म्हणते नको पाहू बेटा, नको. मी पडदा बघत लिहिते आहे.
कड तपकिरी.
थोडं आत, तपकिरी.
मध्ये, अगदी मध्ये, एक निळा ठिपका — पसरतोय — याडी, माझा हात धर, माझा —