कुलूप बाहेरून लावावे

आमच्या धाकट्या मेहुण्यास दाजींचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. मोठ्याने धाकट्याची माफी मागू नये म्हणतात, पण तू आता आरोग्यखात्याच्या मुख्य कचेरीत टंकलेखक आहेस, साहेबांचे आदेश तुझ्या बोटांतून बाहेर पडतात, तेव्हा जपलेलं बरं. तुझी कंबर कशी आहे? खुर्चीत उशी घेऊन बसतोस ना? मुलांना ताप वगैरे नाही ना? असला तर मला लिहू नकोस, पोस्टमन पत्रं वाचतो असा माझा संशय आहे. (नसेलही वाचत. पण हल्ली माझ्याकडे बघत नाही.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे तुझ्या ताईला परवापासून ताप आहे, खोकला आहे, आणि ही गोष्ट ती, मी आणि तू सोडून कोणाला कळता कामा नये. कळली तर आमच्या दाराला सरकारी कुलूप लागेल, आणि ते लागलं की आत डॉक्टर येत नाही. म्हणजे मी माझ्याच हाताने तिला कोंडल्यासारखं होईल. हे कसं, ते सविस्तर लिहितो. उशी घेऊन बस.

साथीचा पहिला आदेश आला तो दुकानांचा. गर्दी टाळावी म्हणून सगळी दुकानं सकाळी दोनच तास उघडी. तू टाईप छान केला होतास, समास सोडून. पण त्याआधी आमच्या रस्त्यावर माणसं दिवसभर विखरून यायची, एक आला, एक गेला. आता सगळा गाव एकदम किराणेवाल्याच्या फळीवर. जे लोक जन्मात कधी पिशवी घेऊन बाहेर पडले नव्हते तेही, उद्या हे दोन तासही जातील या भीतीने, आले. एका अनोळखी बाईंनी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून साबण मागितला. मी काय बोलणार? माझी हनुवटी पुढच्याच्या खांद्यावर होती.

मग साथ वाढली. (वाढेल नाहीतर काय?) मग आला कुलपाचा आदेश. 'रुग्ण असलेल्या घरास कुलूप बाहेरून लावावे.' आमच्या भागाचे आरोग्य निरीक्षक गळ्यात शिट्टी घालून फिरतात, त्यांना आम्ही शिट्टीसाहेब म्हणतो. ते पोतंभर कुलपं घेऊन माझ्या दुकानी आले. या रस्त्यावर कुलूप-किल्लीचं काम करणारा मी एकटा. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. सरकारला माझी गरज पडलेली मी प्रथमच पाहिली. पण दुसऱ्याच घराला कुलूप लावताना माझ्या लक्षात आलं. घाऊकातला स्वस्त माल तो, सगळ्या कुलपांना किल्ली एकच! मी म्हटलं, "साहेब, या किल्ल्या जरा..." त्यांनी जोरात शिट्टी वाजवली. माझ्यावर नव्हे, रस्त्यावरच्या कुत्र्यावर. पण मी दचकून तोंड मिटलं ते मिटलंच.

लोकांना शोध लागायला वेळ लागला नाही. समोरच्या टेलरच्या ट्रंकेला त्याच जातीचं कुलूप निघालं, त्याची किल्ली सुतळीला बांधून खिडकीखिडकीतून फिरू लागली. मग कुलूप लागलेल्या घरांतली माणसं संध्याकाळी एकाच घरात जमून पत्ते खेळू लागली. कुलूप लागलेल्या घरात सरकारही डोकावत नाही, इतकी निवांत जागा दुसरी कुठली? गेले तेव्हा प्रत्येक घरात एकच तापलेला होता, परत आले तेव्हा घरोघर दोन-दोन. तू म्हणशील, मग दाजी, कुलपाची एवढी धास्ती कशाला? अरे, पत्ते खेळायला माणूस चोरकिल्लीने बाहेर पडेल, पण डॉक्टर चोरकिल्लीने आत येतो का? त्यांना विचारलं तर म्हणतात, घर बंद आहे, बंद घरात जाण्याबद्दल आदेशात काही नाही. आणि खरंच नाही. मी चष्मा पुसून दोनदा वाचला.

त्यामुळे लोक आजारी पडेनात. म्हणजे पडत, पण कबूल करीनात. टेलरकडे त्याचे मामा होते, त्यांना ताप भरला. शिट्टी ऐकू आली की टेलर मामांना घोंगडीत गुंडाळून मागच्या दाराने शेजारी न्यायचा. शेजाऱ्याला घाम फुटला की तो पुढच्या घरी. मामा बिचारे कधी गावाबाहेर गेले नव्हते, त्यांचं उतारवयात असं भ्रमण झालं. एका दुपारी टेलर माझ्याकडे आला. "काका, घटकाभर ठेवा. तुम्ही सरकारचे माणूस, तुमच्याकडे कोण बघणार?" मी नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुझी ताई आतून म्हणाली, "आणा त्यांना, पाणी तरी पितील." तुझी ताई तुला माहीत आहे. तिने त्यांना पाणी पाजलं, पाय चेपले, कपाळावर ओली पट्टी ठेवली. मामा आता बरे आहेत. ती पडली आहे.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत ती, मध्ये एक पडदा. तिला खोकल्याची उबळ आली की मी किल्ल्या घासायचं यंत्र चालू करतो. काम नाही, नुसताच जुना लोखंडाचा तुकडा धरतो. काल शिट्टीसाहेब दारात उभे राहिले. ती खोकली, मी यंत्र लावलं. ते बोलू लागले, मी यंत्र थांबवलं, ती पुन्हा खोकली, मी पुन्हा लावलं. साहेब ओरडून म्हणाले, "काय काका, धंदा जोरात?" मी म्हटलं, "आपल्या कृपेने." घामाने चष्मा नाकावरून घसरला. आतून ती म्हणाली, "अहो, पुरे करा ते, डोकं फुटतंय." एवढं त्यांना ऐकू गेलं नाही, असं मी धरून चाललो आहे.

मुलांना आशीर्वाद. कंबरेला शेक दे.

तुझे दाजी

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. पुढचा आदेश टाईप करशील तेव्हा त्यात एकच ओळ घाल, 'कुलूप लावण्याआधी डॉक्टरने आत जाऊन यावे.' साहेब वाचत नाहीत, सही करतात, हे तूच मागे सांगितलं होतंस. माझी अक्कल चौथीपर्यंतची, पण एवढी ओळ असती तर मामा घोंगडीत फिरले नसते, असं मला वाटतं. नोकरीला धोका असेल तर घालू नकोस. पण घाल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत वरचं सगळं फुकट गेलं. आज शिट्टीसाहेब आले, मी यंत्र लावलं, आणि तुझी ताई पडदा धरून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, मला ताप आहे. कुलूप लावा आणि यांचं हे यंत्र एकदाचं बंद करा." साहेबांनी शिट्टी तोंडाला लावली, पण वाजवली नाही. हळूच म्हणाले, "काका, लावा." मी म्हटलं, "मी?" ते म्हणाले, "दुसरा कोण आहे इथे?" लावलं. बाहेरून लावायचं म्हणून बाहेर उभा राहून लावलं, आणि लावल्यावर कळलं की मी बाहेर राहिलो. साहेब जाताना एवढंच म्हणाले की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत, त्यांच्या कानावर घालतो, आदेशाचं बघू.

ते गेल्यावर मी कुलूप काढलं. (ते काय, कोणीही काढेल.) पण दार उघडेना. तिने आतून कडी घातली आहे. मी दार वाजवलं, तर म्हणते, "तुम्ही तापलात तर मला पाणी कोण देणार? खिडकीत ठेवा आणि लांब व्हा." किती विनवलं, ऐकत नाही. आयुष्यभर कुलपं उघडली, कडीपुढे माझं काही चालत नाही. आता भीती अशी की डॉक्टरीणबाई आल्या तरी ती त्यांनाही हेच सांगेल, लांब व्हा म्हणून. तू तिचा धाकटा भाऊ, तुझं ऐकते. आदेशाची ओळ राहू दे. तिलाच दोन ओळी लिही, की ताई, डॉक्टर आल्या की कडी काढ. दाराखालून आत सरकवीन. मी पायरीवरच बसलो आहे, पोस्टमन कधी येतो बघत. लवकर पाठव रे.