बाबांचं घड्याळ

२ नोव्हेंबर, रविवार
स्कॅनरचा खोका अखेर कपाटावरून काढला. बाबा दोन वर्षं दर रविवारी विचारायचे, "माह्या निगेटिव्ह पाह्यल्या का रे?" मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. गेल्या जानेवारीत ते गेले. येत्या ११ जानेवारीला पहिला स्मृतिदिन. आईला एकच फोटो हवाय: बाबांच्या प्लांटच्या वसाहतीत, मरोद्याच्या क्वार्टरसमोर ती आणि बाबा, नव्या स्कूटरजवळ. मी मात्र सगळे पाचशे करणार. रोज वीस.

९ नोव्हेंबर
झाले तीन. कारण धूळ. एकेका फ्रेमला दोन तास ब्रश. सुनिता म्हणाली, "आईंचा आधी करून टाका ना." बायकोला समजावलं, क्रम मोडायचा नाही. बाबा शिस्तीचे होते.

२३ नोव्हेंबर
बाबांचं घड्याळ उजव्या हातात! प्रत्येक फोटोत. पंचेचाळीस वर्षांत मला दिसलंच नाही. कसला मुलगा मी? आजपासून मीही उजव्या हातात घालणार.

७ डिसेंबर
एकूण अकरा. आईचा पदर उजव्या खांद्यावर. शेजारच्या गुजराती बाईंचं पाहून घेत असावी. आईची हौसही मी कधी विचारली नाही. विचारायचं.

४ जानेवारी
पाचशे होणार नाहीत, मान्य. पण झालेत ते उत्तम. आईचा फोटो बारावा. मोठा करून फ्रेमला दिला.

१० जानेवारी
फ्रेम आणली. आईने बराच वेळ पाहिली. मग माझं मनगट.
"घड्याळ तिकडं कावून?"
म्हटलं, बाबांसारखं.
"तुह्या बाबानं जिंदगीभर डाव्याच हातात घातलं. अन् मी पदर कधी इकडून घेतला रे?"
भूमिकाने, आमच्या लेकीने, फ्रेमकडे पाहून सांगितलं, "पापा, निगेटिव उल्टी रखी थी आपने." बाराही वेळा. मोबाइलवर एका टचमध्ये सरळ होतो म्हणे, दुकान आठपर्यंत उघडं आहे. मी नको म्हटलं. बाबांच्या बाबतीत शॉर्टकट नाही. सकाळी रीतसर पुन्हा स्कॅन.

११ जानेवारी
पाहुणे आले तेव्हा मी ब्रशच फिरवत होतो. हारासाठी भूमिकाने बाबांचा प्लांटच्या गेटपासवरचा फोटो आणून ठेवला. त्यात ते एकटे आहेत.
संध्याकाळी आईला म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.
ती "बरं" म्हणाली. मग आत गेली आणि स्कॅनरचा रिकामा खोका आणून माझ्यासमोर ठेवला.