ताईंच्या वसतिगृहातल्या मुली

१४ जून २०१५
आणली! तनुजाला शेवटी औरंगाबादला आणलीच. कन्नडपासून सबंध वाट एसटीच्या खिडकीला नाक लावून बसली होती.
वस्तीवरून निघताना तिची आई माझा हात सोडेना. सखूबाई मेंढरांमागं हिंडून वाळलेली बाई. म्हणाली, "म्याडम, मी संस्था-बिंस्था वळखत नाय. तुमचं तोंड पाहून पोर देते."
वस्तीजवळच्या शाळेत आठवीपुढं वर्ग नाही. इतके रविवार जाऊन शिकवलं, ते काय तिनं मेंढरं राखावीत म्हणून? आता सत्यभामाताईंच्या वसतिगृहात राहून नववीला जाईल, मी आधी आणलेल्या मुलींसारखी. ताईंनी तिला पोटाशी धरलं तेव्हा मला रडूच आलं. या कामात मी आले ती ताईंमुळंच.

३० ऑगस्ट
पाऊस नाहीच. तनुजाला भेटायला गेले, ती नव्हती. "शिबिराला गेलीय," ताई म्हणाल्या. शिबिर! बरं वाटलं.

८ नोव्हेंबर
आजही भेट नाही. सारखं भेटलं की मुलींना घर आठवतं, असं ताईंचं म्हणणं. घरी बिभीषणला सांगितलं. माझ्या नवऱ्याचं आपलं एकच — "ताईंना कळतं गं. तू कशाला मध्ये मध्ये करतेस?"
असेलही.

१० फेब्रुवारी २०१६
बीड बायपासला नव्या इमारतींपुढं टँकर उभा होता. बायकांची झुंबड. त्यात तनुजा! दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या, कोपरापर्यंत ओली.
"शाळा सुटली का गं?" मी विचारलं.
बघतच राहिली. "कोणची शाळा, म्याडम? आल्यापासून मी इथंच हाय. ताईंच्या लेकीकडं, कामाला. तुमाला ठाव नव्हतं व्हय?"
म्हणजे इतके महिने ही पोर समजत होती, मीच तिला इथं कामाला दिली!
कळश्या तिथंच ठेवल्या. तिला घरी घेऊन आले.

११ फेब्रुवारी
ताईंकडे गेले. त्यांनी चहा मागवला! म्हणाल्या, "दोन वेळा पोटभर जेवत होती. तिकडे या दुष्काळात एव्हाना लग्न लावून मोकळे झाले असते."
बाकीच्या मुली? त्याही अशाच घराघरांत. शाळेत जातात त्या चार-दोन, पाहुण्यांना दाखवायला.
मी म्हटलं, तक्रार करते. आवाजसुद्धा चढला नाही त्यांचा — "कर की. वस्त्यांवर माझं तोंड कुणी पाहिलंय? मुली तू आणल्यास, रत्नमाला."
या बाईला मी वाकून नमस्कार करत होते!

१२ फेब्रुवारी
पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथले साहेब म्हणाले, एवढं चांगलं काम, कशाला बदनामी करता? तरी दिली.

१४ फेब्रुवारी
तनुजाला वस्तीवर पोचवलं. वाटलं, सखूबाई शिव्या देईल. नाही दिल्या. लेकीचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले नुसते. मग माझ्यापुढं पाणी ठेवलं. तिथं टँकरची खात्री नाही, हंडा तळाला गेलेला, तरी तांब्या भरून.
"प्या," म्हणाली. "अन् आता इकडं येऊ नगा."
दोन घोट घेतले. तनुजाला विचारलं, पुस्तकं पाठवू का? तिनं आईकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

१७ फेब्रुवारी
संध्याकाळी बेल वाजली. दारात पिशवी घेऊन एक मुलगी, तनुजाहूनही लहान. "ताईंनी पाठवलंय. कामाला."
वाटलं, ताई मला डिवचतायत. मागं वळले तर बिभीषणचा चेहरा पांढराफटक.
"अगं, तुझी ओढाताण होते म्हणून... दिवाळीतच एका मुलीसाठी सांगून ठेवलं होतं त्यांना. मग नको म्हणायचं राहूनच गेलं."
दिवाळीत! तेव्हापासून याला सगळं ठाऊक होतं.
मुलीला आत घेतलं. त्याला म्हटलं, तू बाहेर हो.