काळ्या यादीतली ओळ

सोमवार, ३ मार्च

कॉम्प्युटरचा आवाज गेला! काल मीच सिस्टीम अपडेट केली, त्यामुळे खापर माझ्याच डोक्यावर. बायकोला शनिवारपर्यंत नमुना रेकॉर्डिंग पाठवायचंय. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचणाऱ्या गटात तिला घेणार की नाही, ते त्यावर ठरणार. वर्षभर थांबल्यावर नंबर लागलाय, आणि वाचलेलं परत ऐकताच आलं नाही तर चुका कशा कापणार?

"सगळं जग वापरतं ती सिस्टीम तुला चालत नाही," असं ती म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. ते जास्त लागलं.

मंगळवार, ४ मार्च

ऑफिसातून आल्यापासून तेच. साउंड मिक्सरच्या सगळ्या पट्ट्या वर, म्यूट कुठेच नाही. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांड देऊन विचारलं तर साउंड कार्डचं नाव-गाव सगळं सांगतं, पण स्पीकर ढिम्म. फोरमवर एकाने चौदा वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न विचारलाय. खाली त्याचंच उत्तर — "सुटला, धन्यवाद." कसा सुटला ते लिहायला काय धाड भरली होती!

बुधवार, ५ मार्च

तिने गटातल्या साउंडवाल्याला फोन केला. मला न विचारता!

"ताई, आवाज मॉनिटरकडे जातोय बघा. त्याला स्पीकरच नाहीत. आउटपुट बदला."

एक क्लिक. आवाज आला. मी दोन दिवस डोकं फोडलं, त्याने पाच मिनिटं घेतली. वर ती हसत हसत त्याच्याशी आणखी वीस मिनिटं बोलली — माइक कुठे ठेवायचा, श्वास कसा लपवायचा. फोन ठेवल्यावर मला म्हणते, "किती शांतपणे सांगतो ना!"

मी फोटो बघितलाय त्याचा. दाढी आहे. मला दाढी येते ती ठिगळं लावल्यासारखी.

तो तिला ताई म्हणतो. म्हणू दे! माझ्याशी बोलताना ती एवढी शेवटची कधी हसली, आठवत नाही. जळतोय मी. इथे तरी खोटं कशाला लिहू?

गुरुवार, ६ मार्च

केलं.

सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा एक फाइल उघडून साउंड कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे ड्रायव्हरचं, नाव काळ्या यादीत टाकलं. एकच ओळ. आता मशीन सुरू होताना त्या ड्रायव्हरला दारातच अडवणार. उद्या संध्याकाळी ओळ पुसायची, मशीन परत सुरू करायचं, की आवाज हजर. तिला रेकॉर्डिंगला अख्खी रात्र आणि शनिवार मिळतो. नुकसान कोणाचंच नाही.

दुपारी तिचा फोन. "अरे, परत गेला. आता तर कार्डच दिसत नाही."

"गुंतागुंतीचं दिसतंय," मी डॉक्टरच्या आवाजात.

"त्याला विचारू का?"

"नको! मी आहे ना."

"बरं. तू बघ."

शुक्रवार, ७ मार्च, दुपार

ऑफिसात लक्ष नाही. सकाळपासून तिचा एकही फोन नाही. त्या दाढीवाल्याला तर करत नसेल?

शुक्रवार, संध्याकाळ

ती शेजारी खुर्ची घेऊन बसली. मी पाऊण तास नाटक केलं. काळ्या खिडकीत वाटेल ते टाइप केलं, दोनदा "अच्छा!" म्हणालो, एकदा कपाळाला हात लावला. मग तिला चहा करायला पाठवलं आणि ती फाइल उघडली.

मशीन परत सुरू केलं. आवाज आला. तिने टाळ्या वाजवल्या. लगेच तिच्या बहिणीला फोन — "अगं, ह्याने एकट्याने केलं!"

मी चहा घेतला. तिच्याकडे बघवेना.

शनिवार, ८ मार्च

काल खरं लिहायचा धीर झाला नाही. मी फाइल उघडली तेव्हा माझ्या ओळीच्या सुरुवातीला # होता, म्हणजे ती ओळ कोणीतरी आधीच निकामी केली होती. खाली तिने लिहिलं होतं:

# आज दुपारी रेकॉर्डिंग पाठवलं. हे माझं मी शोधलं, कोणालाच विचारलं नाही. त्यालाही नाही. संध्याकाळी तू दुरुस्त कर.