माझाच फोन वाजत राहिला, त्याची हकिकत

तीर्थस्वरूप मावशीस,

भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी करायची नाही असं तू बजावलंयस, म्हणून दुसऱ्या गुडघ्याची करते. तो कसा आहे? इकडे सगळे खुशाल. आईचे कान पूर्वीसारखेच आहेत, म्हणजे तिला हवं तेवढं ऐकू येतं. आमचे हे अजूनही लोकांना गाडी चालवायला शिकवतात आणि संध्याकाळी घरी आले की खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबत राहतात. (मी एकदा विचारलं तर म्हणाले, समोरून बस येतेय.) शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने काढून हे पत्र परत पाठवू नकोस, एवढी विनंती. मागचं परत आलं होतं. खाली तू ‘आशय बरा, अक्षर सुधारावे’ असा शेराही मारला होतास आणि आईने तो सगळ्या पाहुण्यांना दाखवला.

तर मागच्या भेटीत तू मला विचारलंस की, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन घेत बसायचं आणि सगळ्यांना तीच चार वाक्यं ऐकवायची, या पोपटपंचीत काय राम आहे. मी तेव्हा चहा ओतत होते म्हणून उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर नव्हतंच. उलट घरी परत आल्यावर मी बिलांच्या विभागात बदली मिळावी म्हणून अर्ज टाकला. तिथे माणसं फोन करत नाहीत. केलाच तर भांडायला करतात, आणि भांडणाला निदान दोन बाजू असतात. माझ्या कामाला एकच बाजू होती. टेबलासमोर भिंतीवर एक कार्ड चिकटवलेलं आहे, ते वाचायचं: घाबरू नका, लिफ्ट खाली पडत नाही, हवा येत राहते, आमचा माणूस निघालेला आहे. वर्षानुवर्षं मी हे इतक्यांदा म्हटलंय की झोपेत कुणी दार वाजवलं तरी मी ‘घाबरू नका’ म्हणते, आणि मग हे घाबरतात.

अर्ज टाकला आणि त्याच आठवड्यात आमच्या बाई (म्हणजे आमच्या मुख्य अधिकारी, त्यांना आम्ही समोर मॅडम आणि मागे बाई म्हणतो) कसल्याशा शिबिराहून परत आल्या. शिबिरातून माणूस कोरा परत आला तर बरं, पण बाई भरून आल्या. त्यांनी फर्मान काढलं की सभेत प्रत्येकाने उभं राहून सांगायचं: आपल्या कामात प्रेरणा मिळाली असा एखादा क्षण. आधी एका नामांकित वक्त्यांचं व्याख्यान, मग आमचे क्षण. माझं नाव पहिलं. आता क्षण आणू कुठून? वाण्याकडे मिळत असता तर पावशेर आणला असता.

पण तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. एखादी गोष्ट आपल्याकडे नाही म्हटलं की ती बाकीच्यांकडे असते कशी, हे बघायला मला फार आवडतं. लहानपणी मी तुझं कपाट याच कारणासाठी उघडायची. तेव्हा मी विचारत सुटले. ह्यांना विचारलं तर म्हणाले, शिकाऊ माणूस शेजारी बसलेला असताना घरी जिवंत पोचायचं, ही रोजची प्रेरणा. आईला विचारलं तर तिला नेमकं ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने विचारल्यावर म्हणाली, सकाळी जाग येते, मग उठायचं नाही तर काय करायचं? आमचा मेस्त्री, जो अडकलेल्या लिफ्ट उघडतो, तो जिन्यात भेटला. त्याने बराच विचार केला आणि सांगितलं की दार उघडल्यावर आतली माणसं त्याच्याकडे बघतात, तसं घरी कोणी बघत नाही. हे मला आवडलं. पण ते त्याचं होतं, उसनं कसं घेणार?

मग मी माझ्याच फोनकडे कान देऊन बघितलं. एक बाई अडकल्या होत्या. मी कार्डाप्रमाणे घाबरू नका म्हटलं, तर त्या हळू आवाजात म्हणाल्या की त्या मुळीच घाबरलेल्या नाहीत, घरात पाहुणे आहेत, तेव्हा जमलं तर तुमच्या माणसाला सावकाश येऊ द्या. एक गृहस्थ कपाट घेऊन अडकले होते, म्हणजे खरं तर कपाट अडकलं होतं आणि ते त्याच्या मागे होते. ही माणसं किती वर्षं माझ्याशी बोलत होती, आणि मी कार्ड वाचत होते. तरीही मावशी, क्षण म्हणावा असं काही सापडेना. सभेच्या दिवशी मी रिकाम्या हातांनीच ऑफिसला गेले.

बाईंनी मला हुकूम दिला की खाली जाऊन वक्त्यांना घेऊन ये. बाकी सगळे वरच्या मजल्यावरच्या सभागृहात जाऊन बसले होते, माझ्या जोडीची दुसरी मुलगीसुद्धा. मागे उरले फक्त हिशेबनीस. ते म्हणाले की त्यांना प्रेरणेने पित्त होतं. हे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसतात, दिवसभर आकडे लिहितात आणि ‘चहा आला’ यापलीकडे त्यांचा आवाज मी ऐकलेला नव्हता. मी त्यांना म्हटलं, जरा माझ्या फोनकडे बघाल का, आलेच मी. त्यांनी फोनकडे बघितलं. मी गेले.

वक्ते फाटकाशी उभे होते. बारीक, नीटनेटके, आणि बरोबर एवढं सामान की मुक्कामाला आल्यासारखे. एका पिशवीत गोटे भरलेली काचेची बरणी (आयुष्यात आधी मोठे गोटे भरावेत, मग वाळू, असं काहीतरी ते दाखवतात) आणि काखेत गुंडाळलेला एक लांबलचक फलक. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. फलक उभा मावेना म्हणून त्यांनी तो थोडा उलगडून आडवा धरला. त्यावर त्यांचा हसरा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘थांबला तो संपला’. दुसरा मजला गेला आणि लिफ्ट थांबली.

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं आहे. गावभरच्या लिफ्ट आमची कंपनी सांभाळते, फक्त आमच्याच इमारतीतली सांभाळायची राहून जाते. मी शांतपणे घंटेचं बटण दाबलं आणि मग लक्षात आलं की हा फोन कुणाकडे जाणार. वर, अगदी डोक्यावरच, माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. त्याची घंटी मी कुठेही ओळखीन. वाजत राहिला. कोणीच उचलेना. ज्या बाईने तो उचलायचा ती काय करते आहे म्हणून मला तिचा राग यायला लागला. वक्ते म्हणाले, तुमच्याकडची माणसं जरा ढिली दिसतात. मी हो म्हटलं.

शेवटी कुणीतरी उचलला आणि बटणाशेजारच्या जाळीतून आवाज आला. “त्या जागेवर नाहीत,” हिशेबनीस म्हणाले आणि ठेवून दिला.

मी पुन्हा बटण दाबलं. “एकदा सांगितलं ना, त्या जागेवर नाहीत.”

“अहो, मीच ती,” मी म्हटलं.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “मग फोन कुणाला करताय?”

आम्ही लिफ्टमध्ये अडकलोय, मेस्त्रीला वर सभेत निरोप द्या, असं मी त्यांना समजावलं. निरोप देऊन ते परत आले. तोपर्यंत मावशी, माझे तळहात ओले झाले होते. कानात भरून आल्यासारखं झालं होतं, आणि लिफ्टच्या चारही भिंती त्यांना माझ्याशी काही बोलायचं असल्यासारख्या जवळ येत होत्या. ही लिफ्ट पडत नाही हे मला जितकं ठाऊक आहे तितकं त्या इमारतीत कुणालाच नाही. पण ते ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नव्हता. मी हिशेबनीसांना म्हटलं, समोर कार्ड आहे, ते वाचा. त्यांनी वाचलं. नफातोट्याचं पत्रक वाचावं तसं, एका सुरात, अगदी ‘कंसात, इथे थोडे थांबावे’ हेसुद्धा वाचलं. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हा माणूस माझ्याशी बोलतच नाहीये. हवा येत राहते म्हणे. येऊ दे की, माझं काय? इतकी वर्षं मी लोकांना हेच देत आले होते.

कार्ड संपलं. हिशेबनीसांकडे पुढे बोलायला काही उरलं नाही, पण त्यांनी फोनही ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते एकदम म्हणाले, “एक विचारू का? तुमच्या जागेवरून खिडकी दिसते हे मला माहीत नव्हतं. समोरच्या गच्चीवर एक माणूस छत्री घेऊन बसलाय. ऊन तर फार नाही. काय करतो तो?”

“तो छत्र्या दुरुस्त करतो,” मी म्हटलं.

“पण तो दुरुस्त करत नाहीये. उघडून डोक्यावर धरलीय आणि खालून वर बघतोय.”

“भोकं शोधत असेल. उजेड येतो ना त्यातून.”

“हां,” हिशेबनीस म्हणाले. “म्हणजे चांदण्या बघतोय.”

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून आलं, मावशी, जो ‘चहा आला’ म्हणतो. खाली बसकण मारलेल्या वक्त्यांनी मान वर केली आणि विचारलं, छत्री कुठल्या रंगाची? हिशेबनीस म्हणाले, लाल होती, आता काळी घेतलीय. वक्ते म्हणाले, काळीत जास्त छान दिसत असेल. मग आम्ही तिघं त्या छत्रीवाल्याबद्दल बोलायला लागलो. त्याच्याकडे इतक्या छत्र्या येतात कुठून, विसरलेल्या असतात की कुणी आणून देतं, दुरुस्त झालेली छत्री पावसात नेऊन बघतो की तसाच विश्वास ठेवतो. इतकी वर्षं तो माझ्यासमोर होता आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मध्येच वक्त्यांनी बूट काढले आणि सांगितलं की पूर्वी ते लग्नकार्यात सनई वाजवणाऱ्या पथकात मागच्या रांगेत होते, भाषणाआधी अजून त्यांना बूट घट्ट होतात, आणि ‘थांबला तो संपला’ हे छापखानेवाल्याने सुचवलं होतं. त्यांना नुसतं नाव पुरेसं वाटत होतं. माझे तळहात कधी कोरडे झाले ते मला कळलं नाही.

मेस्त्रीने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून त्याचा चेहरा पडला. म्हणाला, तुम्ही होय, मला वाटलं खरंच कुणीतरी अडकलंय. आम्ही अर्ध्या मजल्यावरून वर चढलो, बरणी आधी दिली.

सभेत वक्त्यांनी फलक उघडलाच नाही. ते छत्रीबद्दल बोलले आणि बरं बोलले, जरा अडखळत. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि म्हटलं की इतकी वर्षं मी लोकांना लिफ्ट पडत नाही हे सांगतेय, पण त्यांच्यासमोर काय दिसतंय हे एकदाही विचारलं नाही. आता विचारून बघणार आहे. पुढे आणखी सुचणार होतं, पण खालून फोन ऐकू आला आणि मी पळाले. जिन्याने.

एक म्हातारे गृहस्थ होते. मी विचारलं, समोर काय आहे? म्हणाले, आरसा. मी विचारलं, आरशात कोण आहे? ते म्हणाले, एक म्हातारा आहे, टोपी वाकडी झालीय त्याची. मग ते हसले. मेस्त्री पोचेपर्यंत आम्ही टोपीवर बोललो. दुसऱ्या दिवशी मी बदलीचा अर्ज परत घेतला. बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, मला पुढचा माणूस काय बघतोय ते ऐकायचंय. बाईंना ते पुरेसं वाटलं नसावं, पण त्यांनी अर्ज काढून माझ्या हातात दिला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. राम आहे की नाही ते नक्की सांगता येत नाही, पण माणसं आहेत, आणि प्रत्येकाच्या समोर काहीतरी आहे. प्रकृतीला जप. ह्यांचा नमस्कार, आईचे आशीर्वाद. (तू तिच्याहून मोठी आहेस हे मी तिला सांगितलं. तिला ऐकू आलं नाही.)

तुझी,
भाची

ता. क. हिशेबनीसांनी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझा फोन सांभाळायची परवानगी मागितली आहे. बाई याला माझ्या भाषणाचा परिणाम समजतात. हिशेबनीसांनी भाषण ऐकलंच नव्हतं, पित्त होतं.

ता. ता. क. आता खरं काम. बाईंनी ते कार्ड काढून टाकलं आणि नव्या माणसांना बोलायला शिकवण्याचं माझ्या गळ्यात घातलं. त्यांना सराव करायला कुणीतरी हवं, जो अडकल्याचं सोंग करेल. ऑफिसातले लोक हसतात, काही उपयोग नाही. आम्हाला खडूस, स्पष्टवक्तं, सहज न पटणारं आणि दिवसा घरी असणारं माणूस हवं. मला दुसरं नाव सुचलं नाही. तू नुसतं खुर्चीत बसायचं आणि रोज दुपारी फोन आला की समोर काय दिसतंय ते सांगायचं. तुझ्या इमारतीत लिफ्ट नाही, त्याची काही अडचण नाही. पहिला फोन हिशेबनीसांचा येईल. त्यांचं व्याकरण कच्चं आहे, सुधारलंस तरी चालेल.

ता. ता. ता. क. आईने मला बजावलंय की काका गेल्यापासून तुझी दुपार जात नाही, म्हणून हा घाट घातलाय, असं पत्रात अजिबात लिहू नकोस. म्हणून ते मी लिहिलेलं नाही.