सखूच्या नावापुढचे शून्य

केनवड, ४ जाने. १९३७
इथल्या शाळेत खात्यातर्फे बुद्धिमापन. विलायती पुस्तकात मुले नाणी मोजतात. मी वाटीने ज्वारी मापायला लावतो. चाचणी देशी केली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली होती. आज सखू, वय नऊ, शेतकऱ्याची. म्हणाली, "लाभ, दोन, तीन…" पहिलाच आकडा येईना. पहिला चुकला की शून्य, पुढचे विचारायचे नाही. नियम माझाच. शेरा: मंद. हेडमास्तर खूश. इन्स्पेक्टर यायच्या आत पटावरची कच्ची पोरे झाडायला त्यांना कागद हवाच होता.

९ जाने.
पटावरून सखूचे नाव कमी केले. शास्त्राची सेवा.

१७ जाने.
मेडशीला निघालो, छकडा सखूच्या बापाच्या खळ्यापाशी थांबला. ज्वारीचे माप चालू. पहिल्या पायलीला तो म्हणाला, "लाभ." दुसरीला, दोन. विचारले, एक कुठे गेला?
"पयल्या मापाले एक कोन म्हन्ते, मास्तर? लाभच म्हना लागते. सखू तं रोज मोजते. मंग मंद कशी झाली?"


१८ जाने.
केनवड, इंझोरी, दोन्ही शाळांचे चाचणीचे कागद काढले. 'लाभ' म्हणून किती पोरे बुडाली? मुलांचे शब्द लिहिलेच नाहीत, नुसती शून्ये. कोण चुकले नि कुणाला मी चुकवले, कळायची सोय नाही. तीन वर्षांचे काम. नागपूरला खात्याच्या साहेबांना लिहिले, या गुणांवरून केलेले तक्ते थांबवा.

२५ जाने.
साहेबांचे उत्तर. तक्ते छापायला गेले. खेडवळ चालीपायी थांबणार नाहीत. हवी तर त्या एका मुलीची फेरचाचणी घ्या. हेडमास्तर म्हणाले, पास झाली तर घेऊ परत.
बाकीच्यांचे…

२८ जाने.
बाप सखूला घेऊन आला. वाटी पुढे केली. हात लावीना. म्हटले, बाई, खळ्यात मोजतेस तशीच मोज, लाभ म्हण, चालेल. मान खाली. बोलली ती बापाशी.
"बाबा, मले येत नाही ना. मास्तरनंच लिवलं."
बाप माझ्याकडे पाहीना.
पुस्तकात स्पष्ट आहे: मूल गप्प राहिल्यास शून्य. हेडमास्तरांनी टाक बुडवून हातात दिला. रकाना कोरा ठेवून उठलो. कागद उद्या अकरापर्यंत हवा म्हणतात.